मागाखालचा आरसा

आमच्या गल्लीत माझ्याबद्दल एक समज आहे, की याचं इंग्लिश पक्कं आहे. मी एका कॉलेजच्या कार्यालयात पत्रव्यवहार बघतो. बाहेर जाणारं प्रत्येक इंग्लिश पत्र माझ्या टेबलावरून जातं, त्यामुळे भवानी पेठेतलं इंग्लिशही माझ्याकडेच येतं. नोकरीचा अर्ज, दुकानाची पाटी, सोसायटीची नोटीस, परदेशी निघालेल्या कुणाच्या तरी मुलीचं शिफारसपत्र. लोक फोन पुढे करतात, ‘जरा नजर टाका की’ म्हणतात. मी नजर टाकतो आणि म्हणतो, ‘चालतंय की.’

आता सांगूनच टाकतो. मी नुसती नजरच टाकत होतो. वाचत नव्हतो.

पहिल्यापासून असं नव्हतं. नोकरीला लागलो तेव्हा पत्र दोघांनी मिळून तपासायची पद्धत होती. एकानं मूळ मसुदा मोठ्यानं वाचायचा, अगदी स्वल्पविरामासकट, आणि दुसऱ्यानं टाइप केलेल्या कागदावर बोट फिरवायचं. माझ्यासोबत वाचणारे हेडक्लार्क निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही आणि मी एकटाच बोट फिरवायला लागलो. मग बोटही थांबलं. एक तर मी भिडस्त माणूस. चूक दाखवली की समोरच्याचा चेहरा उतरतो, तो खुलासा करायला लागतो, मग आपल्याला त्याची समजूत काढावी लागते. ‘चालतंय की’ म्हटलं की माणूस चहा पिऊन खुशीत जातो.

त्यात गेल्या काही वर्षांत इंग्लिशच बदललं. पूर्वी लोक मोडकंतोडकं लिहायचे, चुका भातातल्या खड्यासारख्या दाताखाली यायच्या, न बघूनही कळायच्या. आता सगळे फोनकडून लिहून घेतात. येतं ते गुळगुळीत. खडा नाही, पण भात तरी आहे का, हे बघायला कुणी चावतच नाही. अर्ज असो, आभार असोत की दुखवटा असो, तीच वाक्यं, तोच सूर. मला तर ते सोयीचंच झालं. चुका नाहीत म्हटल्यावर वाचायचं कशाला?

आमच्या कॉलेजचे एक शिपाई निवृत्त झाले तेव्हाची गोष्ट. त्यांना द्यायचं मानपत्र इंग्लिशमध्ये होतं, फोननं लिहिलेलं. मी सही करून पुढे पाठवलं. काही दिवसांनी ते ती फ्रेम पिशवीत घालून माझ्याकडे आले.

“साहेब, घरी सगळे विचारत्यात यात काय लिवलंय म्हणून. जरा सांगा की.”

तेव्हा मी ते पहिल्यांदा वाचलं. त्यात लिहिलं होतं की कठीण काळात आपण सारे एका कुटुंबासारखे एकत्र उभे राहिलो. प्रत्यक्षात हा माणूस सगळी नोकरी आमच्या दाराबाहेरच्या स्टुलावर बसला, आणि आम्ही त्याला आत एक खुर्ची कधी दिली नाही. कॉलेजात टाक्या, चाव्या आणि दिवे कुठं काय आहे हे त्याला एकट्याला माहीत होतं. त्याबद्दल एक शब्द त्यात नव्हता.

मी म्हणालो, “चांगलं लिहिलंय.”

ते खूश होऊन गेले. मला मात्र पुढे कितीतरी दिवस त्या रिकाम्या स्टुलाकडे बघवेना.

एवढं सांगितल्याशिवाय अक्काची गोष्ट सांगता येणार नाही. अक्का माझी थोरली बहीण. आम्ही तेलुगू विणकरांच्या घरातले. घरात बोलणं तेलुगूत आणि भांडण मराठीत, अशी आमच्याकडे वाटणी आहे. भावजी गेल्यावर अक्कानं माग बंद केले नाहीत. भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं, ज्याला इथं सगळे वॉलपीस म्हणतात, ती तिच्या मागांवर निघतात. पण माल कायम व्यापाऱ्याचा. सूत त्याचं, डिझाइन त्याचं, मागे लावायची पट्टी त्याच्या नावाची. अक्काच्या कारखान्याचं नाव कापडावर कधी आलंच नव्हतं.

मग तिच्या सुनेनं कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचं शिकून घेतलं, फोनवर कारखान्याचं पान उघडलं, आणि एक ऑर्डर थेट आली. शहरातल्या एका नर्सिंग शाळेत शिकून गेलेल्या मुली आता वेगवेगळ्या देशांत नर्स आहेत. त्यांच्या मेट्रन, म्हणजे त्यांना शिकवणाऱ्या मुख्य नर्सबाई, निवृत्त होणार होत्या. त्यांना भेट म्हणून भलामोठा वॉलपीस हवा होता, त्यावर विणलेला मजकूर, आणि त्याचीच छोटी प्रत प्रत्येकीला. मुली मराठी, कन्नड, मल्याळी अशा मिसळलेल्या, म्हणून मजकूर इंग्लिशमध्ये.

व्यापाऱ्याच्या कानावर गेलंच. तो येऊन अक्काला म्हणाला, “अक्का, फुलं-मोर ठीक आहे. इंग्लिशचं काम हाय हे. फसलात तर माझ्याकडंच येणार की, कुटं जाताय?”

तो गेल्यावर अक्का मला बोलली. “हे कापड नीट निघालं तर पुढचं आपल्या नावानं. न्हाय निघालं तर शेठच्या पट्ट्या शिवत बसते जन्मभर. तू वाचून दे.”

सुनेनं मजकूर फोनवर पाठवला. मी कॉलेजात होतो. उघडला, ओळी सारख्या लांबीच्या दिसल्या, कॅपिटल अक्षरं जागच्या जागी दिसली. लिहिलं, ‘चालतंय की.’ खाली अंगठा.

पुढच्या रविवारी अक्काकडे गेलो तर डिझाइनची भोकं पाडलेली कार्डं मागाला लागली होती आणि पहिला नमुना मागावर होता, थोडासा विणून झालेला. वॉलपीस विणताना कापडाची सुलट बाजू खाली असते आणि वर दिसते ती उलट, दोऱ्यांची. समोर काय उमटतंय ते कळावं म्हणून अक्का मागाखाली एक जुना आरसा ठेवते. खाली वाकून आरशात बघायचं, रंग चुकला असेल तर तिथं कळतो. मी लहानपणी वडिलांच्या मागाखाली असाच वाकायचो. वीज गेली होती, सगळे माग गप्प होते, चहा व्हायचा होता. मी गंमत म्हणून वाकलो.

आरशात रंग खरे दिसतात, पण अक्षरं उलटी. शब्दाचा शेवट आधी येतो, प्रत्येक अक्षराचं तोंड दुसरीकडे. नजर टाकून काही कळत नाही. एक अक्षर ओळखायचं, मग दुसरं, मग ती जोडून शब्द करायचा. लहान पोरासारखा मी जुळवत गेलो आणि एक वाक्य तयार झालं:

इन दोज चॅलेंजिंग टाइम्स, वुई स्टूड टुगेदर ॲज वन फॅमिली.

कठीण काळात आपण एका कुटुंबासारखे एकत्र उभे राहिलो. शिपायाच्या फ्रेममधलं वाक्य. तेच, शब्द न् शब्द.

मागाखालून डोकं काढताना चौकटीवर आपटलं. सुनेला विचारलं, “अगं, हा मजकूर त्या मुलींनी लिहिलाय?”

“त्यांनीच पाठवलं होतं मामा. पण त्यांचं इंग्लिश लईच कच्चं होतं. मी फोनला सांगितलं, छान करून दे. त्यांना परत पाठवलं, त्यांना पण आवडलं. मग तुम्हाला दाखवलं की. तुम्ही चालतंय म्हणालात.”

“मूळचं दाखव.”

तिनं फोनमध्ये वर सरकवत सरकवत शोधलं. मुलींचं इंग्लिश खरंच कच्चं होतं. एकवचन, अनेकवचन, काळ, सगळं वेडंवाकडं. पण ते असं होतं, मी इथं मराठीत सांगतो: मेट्रन, त्या वेळी आम्ही घाबरलो. आम्ही घरी गेलो. तुम्ही गेला नाहीत. आता आम्ही पुष्कळ देशांत नर्स आहोत. रात्री वॉर्डात भीती वाटली की आम्ही तुमची आठवण काढतो आणि जागेवर थांबतो.

बस, एवढंच. कोरोनात होस्टेल रिकामं झालं आणि मुली घरी गेल्या, त्याबद्दल होतं ते. त्यांनी मेट्रनपुढे कबुली दिली होती. आणि फोननं ती पुसून तिथं लिहिलं होतं, आपण सगळे एकत्र उभे राहिलो. इंग्लिशमध्ये एक चूक नाही, आणि सगळंच खोटं.

मी अक्काला सांगितलं की हे विणायचं नाही. तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि मराठी सुरू केली.

“आता सांगतोस? कार्डं पाडून झाली, नमुना चढला, कार्यक्रम तोंडावर आला. तू वाचलंस म्हणालास की रे!”

त्या क्षणी बोलायला शंभर गोष्टी होत्या. फोन लहान होता, कामात होतो, पहिल्यांदा लक्षात आलं नाही. अशी वाक्यं मला तोंडपाठ आहेत. पण आरशातली ती उलटी ओळ अजून डोळ्यांपुढे होती.

“मी वाचलं नव्हतं, अक्का,” मी म्हणालो. “मी कुणाचंच वाचत नाही. नुसतं बघतो.”

मला वाटलं अक्का आता रडेल किंवा हाकलून देईल.

“कुणाचंच?”

“कुणाचंच.”

“माझ्या दारावरची पाटी?”

“ती पण नाही.”

“अय्यो,” म्हणून ती हसायलाच लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. “आणि मी सगळ्या पेठेला सांगत फिरते, माझा तम्मुडू, माझा धाकटा भाऊ, एकेक अक्षर बघून देतो म्हणून! मेल्या, बोलायचंस की. मी दुसरा कुणी बघितला असता.” मग एकदम गंभीर झाली. “दुसरा कोण हाय पण? बस हितं. फोन लाव त्या पोरीला.”

ऑर्डर देणारी मुलगी तिकडे परदेशात ड्यूटी संपवून आली होती. आवाज ऐकला आणि मला बरं वाटलं. ती आपल्याच जिल्ह्यातली, नातेपुत्याची निघाली.

“व्हय सर, आमीच लिवलंवतं ते. मग तुमच्याकडनं ते नवीन आलं. लई भारी इंग्लिश! ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिले.”

“पण ते खरं आहे का?”

तिकडे तिनं खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“न्हाय सर. आमी गेलो की घरी. माझे वडील टेम्पो घेऊन आलते न्यायला. मेट्रन गेटपर्यंत आल्या, डबा दिला आणि माघारी वॉर्डात गेल्या.”

“मग नवीन मजकूर आला तेव्हा सांगितलं का नाही?”

“कसं सांगणार? एवढं चांगलं इंग्लिश करून दिलंय म्हटल्यावर आमचं मोडकंच द्या असं कोण म्हणंल? आमाला वाटलं, शिकलेली माणसं असंच लिवत असतील.”

तिला वाटलं मी वाचलं असेल, म्हणून ती गप्प. सुनेला वाटलं त्यांना आवडलं, म्हणून ती गप्प. मला वाटलं चुका नाहीत, म्हणून मी गप्प. सगळ्यांचे अंगठे वर.

मुलीनं ग्रुपवर विचारून सांगते म्हटलं. तिथं बराच वाद झाला म्हणे. एकीचं म्हणणं होतं की भिंतीवर लावायच्या वस्तूवर आपण पळालो असं कोण लिहितं. अक्का त्या वेळात नमुना तसाच ठेवून माग पुसत होती, पुसलेलाच पुन्हा पुसत होती. मधेच व्यापारी डोकावला, थांबलेला माग बघितला.

“काय अक्का, अडलं का? अहो, इंग्लिशचं कापड कोण वाचतंय? लोक लांबनं रंग बघत्यात.”

“शेठ, हे मेट्रन वाचणार हायत,” अक्का म्हणाली. “त्यांना जवळनं दिसतं.”

दुसऱ्या दिवशी मुलीचा निरोप आला. ‘जुनंच लावा. पण चुका काढा सर. न्हायतर मेट्रन लाल पेन काढतील.’

मग आम्ही कामाला लागलो, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा माझं काम केलं. स्वयंपाकघरात बसलो. सुनेनं मुलींचा मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, पूर्णविराम आला की ‘फुलस्टॉप’ म्हणायचं, आणि मी कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या डिझाइनवर बोट फिरवत ‘हं’ म्हणायचं. काळ, वचन सरळ केलं. त्यापलीकडे हात लावला नाही. एका ठिकाणी मला एक छानसा शब्द सुचला, फार मोह झाला, पण तो मुलींचा नव्हता. ठेवला बाजूला. वाक्यं लहान होती, लहानच राहिली. आम्ही घरी गेलो, फुलस्टॉप. तुम्ही गेला नाहीत, फुलस्टॉप.

अक्काला इंग्लिश वाचता येत नाही. ती शेंगा सोलत बाजूला बसली होती. मधेच म्हणाली, “थांब. आता लवकर हं म्हणालास.”

“बघितलं मी.”

“बघितलंस. वाचलं न्हाईस. परत.”

परत वाचलं. तिथं खरंच एक शब्द दोनदा पडला होता. सुनेनं माझ्याकडे बघितलं, मी अक्काकडे, अक्कानं शेंगांकडे.

“मला काय इंग्लिश कळतंय?” ती म्हणाली. “तुझं हं कळतं मला. लहानपणापासनं. जेवलास का विचारलं की असाच हं म्हणायचास, ताट भरलेलं असायचं.”

नवी कार्डं पाडून आली. माग सुरू झाले. मी कॉलेजातून रोज सरळ तिथं जायचो आणि मागाखाली वाकायचो. जेवढं विणून झालं असेल तेवढं आरशात उलटं, एकेक अक्षर. कारखान्यातले लोक हसायचे. एक जण म्हणाला, “साहेब, काय हरवलंय का खाली?” मी म्हणालो, “हरवलं होतं, सापडायला लागलंय.” असं चटकन उत्तर मी आयुष्यात कुणाला दिलं नसेल.

कार्यक्रमाला अक्काला बोलावणं होतं. तिनं मला नेलं. “वाचणारा पाहिजे,” म्हणाली. सभागृहात खुर्च्या भरलेल्या, आणि मोठ्या पडद्यावर व्हिडिओ कॉलवर त्या सगळ्या मुली, कुणी युनिफॉर्ममध्ये, कुणी उशीला टेकून. वर झाकलेलं कापड ओढलं आणि वॉलपीस समोर आला. टाळ्या झाल्या. लोकांनी लांबून रंग बघितले, शेठ म्हणाला होता तसंच.

मेट्रन मात्र उठल्या, चष्मा लावला आणि अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. बारीक चणीची, ताठ बाई. त्या नुसती नजर टाकत नव्हत्या. बोटानं, ओळीवरून, एकेक शब्द. अक्कानं माझं मनगट धरलं. टाळ्या थांबल्या होत्या, सभागृहात आता फक्त ते बोट हलत होतं. आम्ही घरी गेलो, या ओळीवर ते थांबलं. पुढच्या ओळीवर गेलं. पुन्हा मागे आलं.

मग त्या वळल्या आणि पडद्यावरच्या मुलींना म्हणाल्या, “स्पेलिंग सगळं बरोबर आहे. हे तुमचं काम नक्की नाही.”

सगळे हसले. मुली पण.

“पण एक चूक आहे,” त्या म्हणाल्या. अक्काची नखं माझ्या मनगटात रुतली. “तुम्ही गेला नाहीत, असं लिहिलंय. मी गेले होते की. एकदा. घरी जाऊन केस धुतले आणि आले.”

एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला. पडद्यावर सगळ्या चौकटींत मुली एकदम रडत होत्या आणि हसत होत्या, आणि नातेपुत्याची ओरडली, “मॅडम, ते धरत न्हाय! आंघोळ धरत न्हाय!”

मग जी टाळी झाली ती अर्धी वॉलपीसची होती, असं मी ठामपणे सांगतो. जेवणाच्या वेळी लोक एकेक करून जवळ येऊन वाचत होते. मी मोजदाद केली नाही, पण ताट हातात घेऊन उभं राहून वाचणारी माणसं मी बघितली. आणि त्यातली काही जण मग कापड उलटून मागची पट्टी बघत होती. तिथं अक्काच्या कारखान्याचं नाव होतं. तेही मी पट्टी शिवण्याआधी वाचलं होतं, सुलट उलट दोन्हीकडून.

शिपायांचं मानपत्रही मग मी पुन्हा केलं. नवा कागद, मराठीत, त्यात टाक्या, चाव्या, दिवे आणि ते स्टूल. घरी जाऊन स्वतः वाचून दाखवला, आणि पहिल्या कागदात खरं काय लिहिलंय तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, “हे बेस हाय साहेब. हे मी कपाटात ठिवतो, नीट. भिंतीवर तेच राहू द्या, त्याला सोनेरी बॉर्डर हाय.” पण निघताना ते कागद पुन्हा उघडून बघत होते.

गल्लीत आता माझी पूर्वीची ख्याती राहिलेली नाही. ‘ते लई येळ लावत्यात’ असं म्हणतात. फोन पुढे केला की मी मूळ कुठंय विचारतो, मग तोंडं वाकडी होतात. काहींनी दुसरा माणूस धरला. अक्काच्या दारावरची पाटी मी स्वतः नवी करून दिली. जुनी काय होती ते मी सांगणार नाही, अक्कानं शपथ घातली आहे.

मागच्या आठवड्यात व्यापारी आला. कुठल्याशा हॉटेलसाठी मजकुराचे वॉलपीस हवे होते, घाईत.

“करू की शेठ,” अक्का म्हणाली. “पट्टी आमच्या नावाची. आणि आधी आमचा भाऊ वाचणार.”

“अहो, फोननं लिहिलंय, चुका नसत्यात त्यात.”

“म्हणून तर वाचणार.”

शेठनं इकडेतिकडे बघितलं, कुणी साथ देत नाही म्हटल्यावर मान हलवली. “बरं. घ्या वाचून.”

आज त्याचा नमुना मागावर आहे. मी खाली वाकलोय, गुडघे दुखतायत, आरशावर सुताची धूळ बसलीय ती शर्टाच्या बाहीनं पुसतोय. वरून अक्काचा आवाज येतो.

“चालतंय का रे?”

“थांब,” मी म्हणतो. “अजून वाचतोय.”